पालथ्या बेटाची आतली वाट

“माझ्या नवऱ्याशी कसं बोलायचं ते तू मला शिकवू नकोस,” ताई म्हणाली आणि हातातली अर्धगोल सुरी तिने पाटावर आपटली.

“ती तुमचा नवरा नाही, आई. माझी मुलगी आहे. सहा वर्षांची आहे. कालच तिचा दुसरा दात पडलाय.”

“यांचेही पडले होते.”

“ते साठीला!”

“पडले ना? मग झालं तर.”

मला हसू आलं. बिबियानेने माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने कॉफीच्या पेल्यात तोंड घातलं. सासू-सुनेचा आवाज सकाळपासून माझ्या घरापर्यंत येत होता. अर्धं भांडण मी स्वतःच्या चुलीपाशी उभी राहून ऐकलं होतं, उरलेलं ऐकायला इथे आले होते. बहिणीच्या घरात एवढा हक्क असतो.

जिच्यावरून भांडण चाललं होतं ती टेबलाखाली बसून एका जुन्या बुटात उबेसाठी भरलेलं सुकं गवत उपसत होती. दोर्थे हे तिचं चर्चमधलं नाव. घरातलं नाव उसार्काक. माझे मेहुणे उसार्काक वारले आणि त्याच महिन्यात ही जन्मली. मेलेल्या माणसाचं नाव रिकामं ठेवू नये, ते बाहेर थंडीत कुडकुडत उभं राहतं, असं आमच्याकडे मानतात. म्हणून पुढे जे पहिलं बाळ जन्मेल त्याला ते देतात, मुलगा असो की मुलगी, आणि नावाबरोबर माणूसही घरी येतो. त्या दिवसापासून ताई नातीला ‘अहो’ म्हणते. सख्खा बाप लेकीला ‘बाबा’ म्हणायचा. मेहुण्यांचा धाकटा भाऊ आवाताक, सत्तरीला आलेला गडी, तिला ‘दादा’ म्हणतो. आणि पोरगी आजीला ‘तुकू’ म्हणून हाक मारते, कारण ताईला, म्हणजे तुकुम्मेकला, तुकू म्हणणारा माणूस जगात एकच होता.

बिबियानेही पूर्वी कौतुकाने ‘मामंजी, दूध संपवा’ म्हणायची. जूनपासून तिने ते सोडलं होतं.

“मी बहिणीला कळवलंय,” बिबियाने म्हणाली. “तिकडे दक्षिणेला शाळेच्या स्वयंपाकघरात जागा आहे. राहायला खोली देतात. मंगळवारचं हेलिकॉप्टर आलं की आम्ही दोघी जातो.”

“तू जा. तुला कुणी धरून ठेवलंय? हे येणार नाहीत. यांनी आयुष्यात खाडी सोडली नाही.”

“सोडली होती. दवाखान्यात मेले ते.”

ताईने सुरी पुन्हा उचलली आणि सीलच्या कातड्यावरची चरबी खरवडायला लागली. ती बोलायची थांबली की हात जोरात चालतात, हे मी लहानपणापासून बघत आले आहे. कातडं फाटेल की काय असं वाटत होतं.

ताईचा जन्म खाडीच्या पार आतल्या टोकाचा, हिमनदीच्या तोंडाशी. दगडामातीची तीन-चार घरं होती तिथे. मी तिच्याहून बरीच लहान. मला ते घर आठवत नाही, आवाज तेवढा आठवतो. हिमनदी झोपेतसुद्धा कडकड करायची आणि आई म्हणायची, झोपा गं, म्हातारी दात खातेय. मग सरकारने लाकडी घरं बांधली आणि सगळ्यांना खाली वस्तीवर आणलं. ताई तेव्हा नुकती शिवायला शिकली होती. वस्तीवर आल्यावर तिने पहिले बूट शिवले ते उसार्काकचे, आणि तो ते घालून कौतुकाने आमच्या दारावरून इतक्या वेळा गेला की वडील म्हणाले, पोरगा तळवे झिजवून टाकायच्या आत लग्न लावून द्या.

पाच मुलं झाली. जगला एक, इनुतेक, बिबियानेचा नवरा. बाकीच्यांना कसल्या कसल्या तापाने नेलं. ताईने ती दुःखं दातांखाली घालून चावली. अक्षरशः म्हणते मी. कातड्याचे तळवे मऊ करायला आमच्या बायका ते चावतात, आणि ताईचे दात आता हिरड्यांच्या बरोबरीने आले आहेत. मेलेल्या प्रत्येक मुलानंतर ती हिवाळाभर शिवत बसायची. वस्तीत अर्ध्या माणसांच्या पायांत तिचे बूट होते.

मेहुणे मोठे शिकारी वगैरे नव्हते. नेम बेताचा. पण त्यांना खाडी कळायची. आमची खाडी अशी आहे: तोंड पश्चिमेला समुद्राकडे, मग दोन वळणं, आणि शेवटी हिमनदी. वस्ती दुसऱ्या वळणावर. वस्तीसमोर मधोमध पालथं बेट, कुणी होडी धुऊन उलटी घालावी तसं. पलीकडच्या किनाऱ्यावर जायचं तर बेटाला वळसा पडतो. समुद्राच्या बाजूने गेलात तर ती बाहेरची वाट, हिमनदीच्या बाजूने गेलात तर आतली. बाहेरच्या वाटेवर भरती-ओहोटी बर्फाला तडे पाडते, वारा सुटला की आख्खा तुकडाच माणसासकट समुद्रात निघून जातो. आतली वाट पक्की. हिमनदीतून सुटलेले डोंगराएवढे हिमनग बेटामागच्या उथळात येऊन रुतायचे आणि भोवतालचा बर्फ खिळे मारल्यासारखा धरून ठेवायचे. जून उजाडला तरी त्यावरून कुत्र्यांची गाडी बिनघोर जायची.

“आतून जा,” मेहुणे सगळ्यांना सांगायचे. “आमच्या हिच्यासारखी वाट आहे. कुरकुरते, पण मोडत नाही.”

“माझ्या पाठीवरून चालून बघा एकदा,” ताई आतून ओरडायची, “म्हणजे कळेल मोडते की नाही ते.”

माणसं हसायची, आणि आतून जायची. त्यांचं ऐकून कुणी बुडाल्याचं मला आठवत नाही.

ज्यांना बर्फाने कधी दगा दिला नाही ते शेवटी गादीवर गेले. छाती भरली म्हणून दक्षिणेच्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. ताई सोबत होती. ती मला नंतर म्हणाली, “रोज मला विचारायचे, आज वारा कुठला? मी खिडकी उघडायची. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. वारा कुठला ते मला त्या शहरात एकदासुद्धा सांगता आलं नाही.” ती शवपेटी घेऊन परत आली आणि घराच्या पायरीवर बसून राहिली. आत येईना. बिबियानेला कळा सुटल्या तेव्हाच उठली. पोरगी झाली, नाव ठेवलं, आणि ताईने त्या लाल गोळ्याला मांडीवर घेऊन पहिली हजेरी घेतली, “अहो, मला एकटीला परत यायला लावलंत ना? लाज नाही वाटली?”

पोरगीही वस्ताद. डावा कान खाजवायची, मेहुण्यांसारखा. माशाची शेपटी खायची नाही, मेहुण्यांसारखी. निदान ताईचं म्हणणं तसं. दुसऱ्या वाढदिवसाला आवाताकने तिच्या तोंडात मेहुण्यांची रिकामी चिलीम दिली आणि आख्ख्या वस्तीने फोटो काढले. चार वर्षांची झाली तेव्हा ताईवरच ओरडायला लागली, “तुकू, तुला काही कळत नाही!” ताईला एवढा आनंद झाला की ती माझ्याकडे सांगायला पळत आली.

त्याच वर्षांत हिमनदी मागे हटत गेली. आमचं जुनं घर होतं तिथून आता तिचं तोंडसुद्धा दिसत नाही, नुसता ओला दगड आणि चिखल. बेटामागे हिमनग येऊन रुतणं आधी कमी झालं, मग थांबलं. उलट उन्हाळा लागला की हिमनदीच्या पोटाखालून गढूळ पाणी सुटतं. ते नेमकं आतल्या वाटेखालून वाहतं आणि बर्फ खालून चाटत राहतं. वरून बघाल तर पांढराशुभ्र. आवाताकने हे दोन उन्हाळे आधी बोलून दाखवलं होतं. इतरांनाही अंदाज होता. पण पाठ झालेली वाट पायांतून लगेच जात नाही.

जूनच्या सुरुवातीला इनुतेकची सीलची जाळी पलीकडच्या किनाऱ्यावर होती. आदल्या दिवशी जोराचा वारा होऊन बाहेरच्या वाटेवर तडे दिसत होते. कुत्री जुंपून झाली होती आणि तो दारात उभा राहून विचार करत होता. ताई म्हणाली, “यांना विचार की. यांच्याइतकी खाडी कुणाला कळते?” तो हसला. पण विचारताना त्याने टोपी काढली होती, हे बिबियाने आजही सांगते.

“बाबा, आत की बाहेर?”

पोरगी बिस्किट खात होती. दुसऱ्या दिवशी तिच्या वाढदिवसाला आख्खी वस्ती कॉफीला येणार होती, केक भाजून फडक्याखाली ठेवले होते. ती म्हणाली, “आतून. आतून लवकर येतात.”

“बरं, बाबा,” तो म्हणाला आणि गेला.

संध्याकाळ झाली, म्हणजे घड्याळात झाली, सूर्य काही त्या दिवसांत मावळत नाही. तो आला नाही तसा आवाताक शोधायला गेला. गाडीच्या दोन रेघा बेटामागे गेल्या होत्या, आणि जिथे संपल्या तिथे तपकिरी पाणी होतं. कुत्र्यांतलंही कुणी वर आलं नाही. केक ताईने कुत्र्यांना घालू म्हटलं, पण कुत्री राहिलीच नव्हती. मी ते माझ्याकडे आणले आणि माझ्या कुत्र्यांना घातले.

प्रेत नाही, म्हणून पुरणं नाही. वस्तीत त्यानंतर एकही बाळ जन्मलं नाही, म्हणून त्याच्या नावालाही अजून घर मिळालेलं नाही, आणि तोवर ते नाव त्या घरात कुणी उच्चारत नाही. ‘तो’ म्हणतात.

सूर्य हिवाळ्यापुरता मावळून आता दोन आठवडे झाले होते. दुपार असून खिडकीत नुसती निळसर काळोखी होती आणि खाडीवर नवा बर्फ धरत होता.

“मी एवढंच म्हणते,” बिबियाने आता आवाज उतरवून बोलत होती, “तिला माणसात राहू द्या. तुम्ही बघता ना? सकाळी तुम्हीच विचारलंत, शेपटीकडचा तुकडा की मधला? काय म्हणाली?”

ताई कातडं खरवडत राहिली. मीच विचारलं, “काय म्हणाली?”

“म्हणाली, मला माहीत नाही. मावशी, जिला शेपटी बघून उलटी यायची ती! लाल टोपी की निळी, मला माहीत नाही. दूध की चहा, मला माहीत नाही. शाळेत बाईंनी विचारलं, तुझं घर कोणतं, तर मला माहीत नाही. आणि अंथरूण ओलं करते, ते वेगळंच.”

“शोकात आहेत ते,” ताई म्हणाली. “मुलगा गेलाय त्यांचा.”

“तिचा बाप गेलाय, आई!”

“तुला काय वाटतं, मला दिसत नाही? माझा कोण गेलाय मग? तू आलीस आठ वर्षांमागे. मी त्याला...” ताई थांबली. “आणि हे चुकले नाहीत, ते लक्षात ठेव. आतली वाटच बरोबर होती. बर्फ चुकला.”

“बर्फ चुकला!” बिबियानेने हात जोडले. “धन्य आहे.”

तेवढ्यात पायरीवर बूट आपटल्याचा आवाज आला आणि आवाताक आत शिरला. मिशांवर बर्फ, नाकातून पाणी.

“वहिनी, कॉफी शिल्लक आहे की भांडणात सांडली? पार किनाऱ्यापर्यंत ऐकू येतंय. कुत्रीसुद्धा कान देऊन बसलीत.”

“बस. तुलाही काहीतरी ऐकवते,” ताई म्हणाली, पण तिने पेला भरला.

त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली आणि फुंकर मारत कॉफी प्यायला. हलिबट माशांसाठी गळ टाकायचे होते. नवा बर्फ बेटापर्यंत धरला होता. पण पुढे बेटाच्या कुठल्या बाजूला बसावं, याचा त्याला भरवसा वाटत नव्हता. हे सगळं तो ताईला सांगत होता, बघत मात्र टेबलाखाली होता. मग सवयीने वाकला.

“काय दादा? तू काय म्हणतोस? आत की बाहेर?”

“काका, खबरदार!” बिबियाने उठलीच.

“विचारू दे त्याला,” ताई म्हणाली. “यांचा भाऊ आहे तो. भावाने भावाला विचारायचं नाही तर काय तुझ्या शाळेतल्या बाईंना विचारायचं? अहो, सांगा त्याला.”

टेबलाखालचं गवत उपसणं थांबलं. मला वाटलं, आता ‘मला माहीत नाही’ येणार.

“आवा, मला विचारू नको,” पोरगी म्हणाली. “मी सांगते तिथे पाणी असतं.”

आवाताकने पेला खाली ठेवला, पण टेबल चुकलं आणि कॉफी जमिनीवर गेली. कुणी फडकं घेतलं नाही.

ताई जमिनीवर बसली. तिचे गुडघे धड नाहीत, बसायला तिला वेळ लागला. टेबलाखाली डोकं घालून तिने विचारलं, “असं कोण म्हणालं तुम्हाला? आईने सांगितलं?”

“मी काहीही सांगितलेलं नाही,” बिबियाने म्हणाली. तिचा आवाज चिरकला. “देवाशपथ.”

“कुणी नाही सांगितलं. तूच म्हणायचीस ना, तुकू, आत मोठे हिमनग असतात, ते बर्फाला धरून ठेवतात. म्हणून मी आत म्हणाले. त्यांनी नाही धरलं.” ती बुटातलं गवत बोटाला गुंडाळत होती. “ते कुठे आहेत? मला कधी दिसले नाहीत. मी खिडकीतून बघते, बेटामागून डोकं पण दिसत नाही.”

“आहेत की,” ताई म्हणाली. मग तिने मान वर करून आवाताककडे बघितलं. “आहेत ना रे?”

आवाताक मिशीवरचं पाणी पुसत राहिला.

“तुला विचारतेय मी. बेटामागे हिमनग तू शेवटचे कधी बघितलेस?”

“वहिनी, आता ते काढून काय उपयोग?”

“कधी?”

“दादा होता तेव्हा. दवाखान्यात नेलं त्या वर्षी दोन-तीन होते. पुढच्या वर्षी एक होता, तो ऑगस्टमध्ये फुटला. त्यानंतर नाहीत.”

“म्हणजे हे गेले तेव्हा होते.”

“होते.”

“आणि ही... हे आले, चालायला-बोलायला लागले, तेव्हा नव्हते.”

“नाही.”

ताई तशीच बसून राहिली, एका हाताने टेबलाचा पाय धरून. मला वाटलं रडेल. इनुतेक गेल्यापासून ती माझ्यासमोर रडली नव्हती. पण ती हिशेब लावत असल्यासारखी ओठ हलवत होती.

“म्हणजे यांनी ही खाडी बघितलीच नाही,” ती शेवटी म्हणाली. कुणाला उद्देशून ते कळलं नाही. “यांना ती जुनीच ठाऊक. हे तिचीच वाट सांगत होते. आणि मी त्याला म्हटलं, यांना विचार.”

“वहिनी, तसं नाही...”

“तसंच आहे. तू गप्प बस. तुला ठाऊक होतं आणि तू बोलला नाहीस.”

“बोललो होतो मी! दोन उन्हाळे बोलत होतो. तू म्हणालीस, माझ्या नवऱ्यापेक्षा तुला जास्त कळतं का?”

ते खरं होतं. मीही तिथे होते तेव्हा. ताईने ते नाकारलं नाही. तिने टेबलाखाली हात घालून पोरीच्या मांडीवरून बूट काढून घेतला. पोरीने तो दिला. मग ताईने तिचा पाय धरून जवळ ओढला, तळवा हातात घेतला आणि चोळायला लागली. पाय गार पडला होता, जमीन थंडच असते आमच्याकडे. पोरगी तिच्याकडे बघत होती, ओरडा पडणार की काय या भीतीने.

“तुकू, मी चुकले का?”

“नाही.”

“मग कोण चुकलं?”

ताई तळवा चोळत राहिली. बिबियाने भिंतीला टेकून उभी होती, तोंडावर बाही दाबून. आवाताक सांडलेल्या कॉफीकडे बघत होता.

मग ताईने टेबल धरलं आणि उठली. मी हात द्यायला गेले तर तिने झटकला. पाटावर अर्धवट खरवडलेलं कातडं होतं, ते तिने गुंडाळलं आणि बाजूला सारलं. सुरी पुसून फळीवर ठेवली. मग सगळ्यांकडे पाठ करूनच ती बोलली, दुकानात मीठ संपलं आहे असं सांगावं त्या आवाजात.

“उसार्काकला या खाडीतलं आता काही कळत नाही. आजपासून त्यांना कुणी वाट विचारायची नाही. आवाताक, तूसुद्धा नाही. दोर्थे मंगळवारी आईबरोबर जाईल. मी इथेच राहणार आहे.”